साडेसात हजारांचा ग्रासकटर: पुन्हा तसाच घ्यावा की तीस हजार घालावेत?

जांभा_दगड

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण त्यामागचं रडगाणं ऐकल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही, म्हणून आधी ते.

गाव लांजा तालुक्यात, पोटापाण्याला मी ठाण्यात. गावी हापूसची ११० कलमं, जवळपास तितकीच काजू, मधेमधे उघडा कातळ. सातबाऱ्यावर अकरा नावं आणि बागेत पाय ठेवणारे दोघंच: मी महिन्यातून एकदा, चुलतभाऊ रोज. पूर्वी दसऱ्यानंतर बेणणीला, म्हणजे गवत-झुडपं कापायला, सहा गडी घालायचो, आठवड्यात बाग मोकळी. आता सहा सोडा, दोन मिळवायला चार घरचा चहा प्यावा लागतो. मशीनवाला बोलावला तर दिवसाचे बाराशे, पेट्रोल आपलं, आणि तो येणार त्याच्या सवडीने, म्हणजे आधी त्याच्या मेव्हण्याची बाग. बेणणी लांबली की गवत उभंच वाळतं, आणि फेब्रुवारीत पलीकडच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) कुणी विडी टाकली की वणवा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ओलांडून आत. एकदा आमची बारा कलमं भाजली आहेत. तेव्हा हा विषय माझ्यासाठी हौसेचा नाही.

२०२३ च्या मे महिन्यात ऑनलाइन ग्रासकटर घेतला. टू-स्ट्रोक, स्टिकरवर हे भलंमोठं '६३ सीसी'. सोबत तीन पात्यांचं ब्लेड, ऐंशी दात्यांचं ब्लेड, नायलॉन दोरीचा डबा, पट्टा, पाने आणि एक गॉगल. ७,४९९ रुपये. साडेचार तारे. रिव्ह्यू मी वाचले होते, अगदी शंभर-दीडशे. आता परत जाऊन वाचले तेव्हा ध्यानात आलं की निम्मे 'पॅकिंग उत्तम, डिलिव्हरी वेळेत' असे आहेत आणि बहुतेक एप्रिल-मेमध्ये लिहिलेले. म्हणजे गवत उगवायच्या आत.

पहिला पावसाळा छान चाललं. चुलतभाऊ खूश, वाडीतले मागायला यायला लागले, आणि बहुतेक तिथेच माशी शिंकली. ऑक्टोबरात स्टार्टरची दोरी तुटली, ती आम्हीच घातली. दुसऱ्या वर्षी पात्याच्या बाजूने खरखर. गिअर हेड, म्हणजे पात्यामागची गिअरची डबी, उघडली तर आत ग्रीसच्या जागी काळी भुकटी. नवीन गिअर हेडचे ९०० रुपये, पण ते मिळवायला तीन दुकानं पालथी घातली, कारण दांड्याचा पाइप २६ मिलीचा की २८ चा हे आम्हाला कुठे ठाऊक? बॉक्सवरच्या नंबरवर फोन केला. एका बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं की मशीन कुरिअरने पाठवा. कुठे, तर दुसऱ्या राज्यात, जायचा-यायचा खर्च आमचा.

यंदा गणपतीला गेलो. म्हटलं पाहुणे यायच्या आत पाणंद साफ करू. दहा मिनिटं चाललं, आवाज एकदम चढला आणि 'टक्' करून बंद. आता स्टार्टर ओढला तर दोरी बाहेर येत नाही, मीच मशीनकडे ओढला जातो.

तर प्रश्न असा. पुन्हा तसंच साडेसात-आठ हजारांचं घ्यावं, दोन-तीन वर्षं राबवावं आणि सोडून द्यावं? मशीनवाल्याचे सहा-सात दिवस वाचले की पैसे वसूल, असा माझा बँकेतला हिशेब सांगतो. की होंडाचं फोर-स्ट्रोक घ्यावं? डीलरने तीस हजारांच्या आसपास सांगितलं. की या स्वस्तातल्या मशीनांमध्येही बरं-वाईट असतं? असेल तर ओळखायचं कसं? मी दहा नावं पाहिली, आणि दहाही मला एका आईची लेकरं वाटली. कुणाचा लाल शर्ट, कुणाचा नारिंगी, एवढाच फरक.

सड्यावरचा

एक म्हैस घ्या. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल लागत नाही, डॉक्टर तालुक्याला मिळतो आणि रोज सकाळी आपोआप स्टार्ट होते.

(आमची दोन वर्षांपूर्वी विकली. ग्रासकटर घ्यायला.)

गॅरेजवाला_चिपळूण

जांभा दगड साहेब, माझं चिपळूणला गॅरेज आहे. मूळ धंदा टू-व्हीलरचा. सात-आठ वर्षांपूर्वी ओळखीतल्या एकाने पहिला ग्रासकटर आणून टाकला, 'बघ रे काय होतं का' म्हणून. आता जून ते नोव्हेंबर माझ्या दारात गाड्या कमी आणि दांडे जास्त उभे असतात. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

रागावू नका, पण तुमचं मशीन वाईट होतं असं मला वाटत नाही. आधी एकच सांगा, पेट्रोलमध्ये तेल कोण घालतं आणि कशाने मोजून घालतं?

या मशीनांच्या टू-स्ट्रोक इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलबरोबर जे तेल जाईल तेवढ्यावरच पिस्टन, रिंग आणि बेअरिंग जगतात. या मशीनांच्या पुस्तकात २५ ला १ लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला ४० मिली. महागातल्या कंपन्या ५० ला १ सांगतात, पण त्यांच्या स्वतःच्या तेलावर. आता प्रत्यक्षात काय होतं? मी दर गिऱ्हाइकाला विचारतो, आणि दहातले सहा म्हणतात, 'दोन बुचं'. कसलं बूच, तर पाण्याच्या बाटलीचं. ते बूच काठोकाठ भरलं तर पाच-सात मिली. दोन बुचं म्हणजे फार तर चौदा. चाळीसच्या जागी चौदा! मग पिस्टन आतल्या आत भाजतो आणि चिकटतो. तुम्ही लिहिलंय ना, आवाज चढला आणि टक् करून बंद, ते हेच असणार. गवतात घुसलेलं पातं अडकून बंद पडलं तर आवाज बसतो, चढत नाही.

खात्री करायची असेल तर घरी करा. सायलेन्सरचे दोन बोल्ट काढा, आत एक्झॉस्टचं भोक दिसेल, त्यातून पिस्टन दिसतो. मोबाइलचा उजेड मारा. पिस्टन गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर नशीब. उभे ओरखडे असतील तर झालं काम. दोरी हिसके देऊन ओढू नका, स्टार्टरची पण वाट लागेल.

आता एका आईच्या लेकरांबद्दल. ती खरंच एका आईची आहेत. चीनमध्ये एकाच नमुन्यावर हे इंजिन कितीतरी कारखाने बनवतात, इथला आणणारा आपला रंग सांगतो, आपलं नाव चिकटवतो. म्हणून नाव बघू नका, इंजिन बघा. सिलिंडरच्या खाली ॲल्युमिनियमच्या अंगावर उठावाची अक्षरं असतात, १ई४४एफ किंवा १ई४०एफ अशी. पहिला १ म्हणजे एक सिलिंडर, ई म्हणजे टू-स्ट्रोक, मधला आकडा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतला व्यास, मिलिमीटरमध्ये, एफ म्हणजे हवेवर थंड होणारं. ४४ बोअर आणि ३४ स्ट्रोक (पिस्टनची चाल), त्यावरून सिलिंडरचं आकारमान काढा, ५१.७ सीसी येतात. तेच बाजारातलं '५२'. बोअर ४० असेल तर ४२.७, म्हणजे '४३'. स्टिकर छापायला पैसे पडत नाहीत, साचा बदलायला पडतात. तुमच्या ६३ वाल्याच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचून इथे टाका.

गिअर हेडचं म्हणाल तर बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो काढून दर वीस-पंचवीस तासांनी ग्रीस भरायचं असतं. वीस तास म्हणजे तुमच्या बागेत चार दिवस. तो स्क्रू आहे हेच माहीत नसलेले लोक माझ्याकडे गिअर हेडचा चुरा घेऊन येतात. आणि पात्याच्या नटाला उलटे आटे असतात. पोरं नेहमीच्या बाजूने जोर लावून 'सुटत नाही, सुटत नाही' म्हणत तो आणखी आवळतात आणि मोडतात. हे सगळं पुस्तकात असतं, फक्त पुस्तक इंग्रजीचं चिनी आणि चिनीचं इंग्रजी.

आणि ते पेट्रोलचे पाइप, सुरू करण्याआधी दाबायचा प्रायमरचा रबरी फुगा, कार्बोरेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा. आता पंपावर मिळतं ते ई-२०, वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडे जूनपासून हवेत ओलीशिवाय आहे काय? नोव्हेंबरात पेट्रोलसकट पडवीत टांगून ठेवलेलं मशीन जूनमध्ये उतरवलं तर टाकीत तळाला पाणी, डायफ्राम पापडासारखा कडक आणि पाइप उंदरांनी खाल्लेला. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. पाच मिनिटांचं काम. हे स्वस्तातल्या मशीनला जितकं लागू, तितकंच महागातल्याला.

राहिलं होंडाचं. त्यातलं जीएक्स ३५ इंजिन ३५.८ सीसीचं, एक किलोवॅटचं, म्हणजे साधारण १.३ हॉर्सपॉवर. आकड्यात ते ५२ वाल्यापेक्षा लहान, आणि रानमोडीची जून खोडं किंवा करवंदाची जाळी कापताना ते जाणवतं. पण गवताला पुरून उरतं. साधं पेट्रोल, मिसळायची भानगड नाही, धूर नाही, आवाज कमी, पेट्रोल बरंच कमी पितं. मी विकत नाही, त्यामुळे कमिशनचा संशय नको. फक्त त्यातही तेल आहे हे लोक विसरतात. आत मावतं किती, तर १०० मिली. चहाच्या कपाएवढं. पहिल्या दहा तासांनी बदलायचं, मग दर पन्नास तासांनी, आणि रोज सुरू करण्याआधी बघायचं. तेल संपलं तर ते आपोआप बंद पडत नाही, तसंच चालतं आणि मरतं. गेल्या वर्षी माझ्याकडे असं एक आलं, मालकाने दोन हंगाम तेलाचं झाकण उघडलंच नव्हतं. तीस हजारांचं मशीनही बुचातच बुडालं, फक्त वेगळ्या बुचात.

मला विचाराल तर स्वस्त मशीन खराब नसतं, बेवारस असतं. त्याला ना दुकान, ना वाली, ना पुस्तक. तेच मशीन तालुक्याच्या दुकानातून हजार-पंधराशे जास्त देऊन घेतलं, आणि त्या दुकानदाराच्या मागच्या फळीवर कार्बोरेटर, स्टार्टर, क्लच, कॉइल आणि पिस्टन किट धूळ खात पडलेली दिसली, तर ते माझ्या लेखी चांगलं मशीन. फळी रिकामी असेल तर चहा पिऊन बाहेर पडा.

काजूबी

गॅरेजवाल्या भाऊंनी लिहिलेलं सगळं खरं. मी वेंगुर्ल्याकडची, काजूची बाग, आणि मशीन मी स्वतः चालवते, म्हणून दोन गोष्टी पुरुषमाणसांना सुचत नाहीत त्या सांगते.

पहिली म्हणजे वजन. मी आधी पाठीवरचं ५२ सीसी घेतलं होतं, तेही स्वस्तातलंच, 'मोठं ते चांगलं' म्हणून. इंजिन पाठीला, कंप सगळा मणक्यात, संध्याकाळी हाताला चमच्यातलं ताक धरवेना. सासूबाई बघून म्हणाल्या, "ह्यां मशीन नाय, म्हातारो आसा. एकदा बसलो काय उठणा नाय." तेही दुसऱ्या वर्षी बसलंच. मग दोन वर्षं वाट बघून खांद्यावरचं फोर-स्ट्रोक घेतलं. तीन हंगाम झाले. दिवसाला कमी कापते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कापू शकते. हा हिशेब कुठल्याच रिव्ह्यूत नसतो.

दुसरी गोष्ट, मशीन वाडीत द्यायचं नाही. द्यायचं तर माणसासकट द्यायचं. वाईटपणा येतो, येऊ दे. मी सांगते, "मशीन नाही देत, मी येते, तासाचे एवढे." आता कुणी फुकट मागत नाही आणि पेट्रोलचे पैसे सुटतात.

आणि बागायतदार म्हणून एक. दोन-तीन वर्षांच्या कलमांजवळ नायलॉनची दोरी नेऊ नका. दोरी बुंध्याला लागली की साल गोल सोलते, झाड तेव्हा काही बोलत नाही आणि मार्चमध्ये वाळतं. मी माझ्या हाताने चार काजू अशी मारली. बुंध्याभोवती वीतभर कोयत्यानेच करायचं. याउलट कातळावर पातं नेऊ नका, तिथे दोरी बरी. पातं दगडाला लागलं की खडा गोळीसारखा सुटतो. आसपास पंधरा मीटरमध्ये माणूस नको, पोर नको, कुत्रा नको. मशीनबरोबर आलेला गॉगल दहा मिनिटांत घामाने धुकट होतो आणि मग सगळे तो काढून ठेवतात. जाळीचा मुखवटा मिळतो, तीनशे-साडेतीनशेला, तो घ्या.

तीस हजार एकदम नको वाटत असतील तर महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर, अर्ज करून बघा. कृषी यांत्रिकीकरणात ग्रासकटर बसतो, तिथे त्याला ब्रश कटर म्हणतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्पभूधारकांना ५० टक्के अनुदान, बाकीच्यांना ४०, वर मर्यादा असते. पूर्वसंमती हातात येण्याआधी बिल फाडलं तर अनुदान विसरा. शेतकरी ओळख क्रमांक लागतो. शिवाय या योजनेत बसायला मशीनचा सरकारमान्य संस्थेचा तपासणी अहवाल लागतो, मध्य प्रदेशातली बुदनीची संस्था त्यातली एक. म्हणजे अनुदान नाही घेतलं तरी दुकानदाराला 'याचा टेस्ट रिपोर्ट आहे का' एवढं विचारून बघा. चेहरा बघण्यासारखा होतो.

अकरा नावांचा सातबारा मात्र तुमचा तुम्ही बघा हो. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. आमचं गवत म्हणजे घरापुढची हिरवी चटई, वणव्याची भीती नाही, फक्त शेजाऱ्याच्या नजरेची. पण धागा वाचून हसू आलं, कारण एका आईची लेकरं इकडेही आहेत.

मी २०१२ मध्ये घर घेतलं तेव्हा सर्वांत स्वस्त पेट्रोल मोअर (ढकलत न्यायचं गवत कापायचं मशीन) घ्यायला दुकानात गेलो. तीन वेगवेगळी नावं, तीन रंग. नंतर कळलं की ओहायोतल्या एमटीडी नावाच्या एकाच कंपनीच्या छत्राखाली यातली बरीच नावं निघायची. ती कंपनी २०२१ मध्ये स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने पूर्ण विकत घेतली. या मोअरवर इंजिन बऱ्याचदा ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं, १९०८ पासूनची कंपनी, तीही २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नवीन मालकाकडे पुन्हा उभी राहिली. आणि ज्यांचं नाव भरवशासाठी सगळे घ्यायचे त्या होंडाने २०२३ मध्ये इकडे अमेरिकेत पेट्रोल मोअर बनवणंच थांबवलं. तेव्हा नावावर भरवसा ठेवून वीस वर्षांचा विचार करण्यात इकडेही अर्थ राहिलेला नाही.

माझा तो स्वस्त मोअर अजून चालतोय. श्रेय माझं नाही. पलीकडच्या घरातल्या निवृत्त आजोबांनी पहिल्याच वर्षी दम भरला होता की थंडीआधी टाकी रिकामी केली नाहीस तर वसंतात माझ्याकडे यायचं नाही. इकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल दहा टक्के, तरी कार्बोरेटर चिकट होतो. माझ्या ओळखीतल्या चौघांनी 'स्वस्तातला म्हणून बिघडला' असं म्हणत नवीन घेतला, आणि त्यातल्या दोघांचे जुने त्या आजोबांनी कचऱ्यातून उचलून, कार्बोरेटर धुऊन, विकले.

जांभा_दगड

सगळ्यांचे आभार. काल रात्री चुलतभावाला फोन लावला. आधी 'तेल बरोबर घालतो' वगैरे. मग मी विचारलं, कशाने मोजतोस? थोडा वेळ शांतता. मग: "बुचाने."

किती?

"दोन."

भाऊ, तुम्ही माझ्या पडवीत कॅमेरा लावलाय का?

पण कथा तिथे संपली नाही. गणपतीच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या घरातून मशीन मागायला आले होते. नेलं, तासाभराने आणून दिलं, आणि सज्जनपणा म्हणून टाकी भरून आणून दिली. साध्या पेट्रोलने. म्हणजे मी पाणंदीत जी दहा मिनिटं चालवली, ती बहुधा तेलाशिवायच. त्यांना काय बोलणार? टाकी भरून परत देणारा शेजारी मला ठाण्यात वीस वर्षांत भेटलेला नाही.

चुलतभावाने आज सकाळी सायलेन्सर काढून फोटो पाठवला. पिस्टनवर मांजराने नखं मारल्यासारखे उभे ओरखडे. आणि सिलिंडरखालचा चिखल पुसून अक्षरंही वाचली. १ई४०एफ.

म्हणजे ६३ नाही, ५२ पण नाही. ४३! मी अडीच वर्षं लोकांना 'आमचा त्रेसष्टचा आहे' असं सांगत होतो. मशीन जाम झाल्याचं जितकं वाईट वाटलं नाही तितकं याचं वाटतंय. एका अर्थी त्या इंजिनाची कीवही आली. करवंदाची जाळी त्याच्यावर घालताना आम्ही त्याला त्रेसष्टचं समजूनच वागवलं.

काजूबी ताई, मुखवटा आजच मागवला. पूर्वसंमतीचंही बघतो, पण अकरा जणांतले दोन दुबईत, एक बोलत नाही आणि एक आजोबा १९८७ मध्ये वारलेत, वारस नोंद अजून बाकी. ते होईपर्यंत गवत माझ्या डोक्यावरून जाईल.

भाऊ, आता सरळ सांगा. याच्यात पिस्टन घालण्यात अर्थ आहे का? की हे भंगारात आणि नवीन घेऊ? बेणणी दसऱ्यानंतर लगेच सुरू करायची आहे.

गॅरेजवाला_चिपळूण

फोटो बघितला. ओरखडे पिस्टनवर आहेत, सिलिंडरला किती लागलंय ते उघडल्यावर कळेल. पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला नुसतं चिकटलं असेल तर ते साफ होतं आणि पिस्टन-रिंगवर काम भागतं. भिंतच खरवडली असेल तर सिलिंडर-पिस्टन पूर्ण किट. ४० बोअरचं किट सगळीकडे मिळतं, एवढा फायदा एका आईच्या लेकरांचा असतो. किट, गास्केट, नवा पाइप, डायफ्राम आणि माझी मजुरी धरून दीड-पावणेदोन हजारांच्या आत बसवतो. वर जायला लागलं तर आधी फोन करेन, परस्पर करणार नाही.

माझं मत विचाराल तर हे दुरुस्त करून पाणंदीला, अंगणाला आणि गडग्याच्या कडेला ठेवा. ४३ ला ४३ समजून वापरलं तर अजून तीन-चार वर्षं देईल. ११० कलमं आणि काजू त्याच्यावर घालू नका. बागेसाठी वर्षभराने फोर-स्ट्रोक घ्या, घाईत या महिन्यात नको, कारण दसऱ्याआधी दुकानदार एक रुपया सोडत नाही. एप्रिलमध्ये जा. यंदाची बेणणी मशीनवाल्याकडून करून घ्या, मेव्हण्याच्या आधी नंबर लागावा म्हणून आजच आगाऊ पाचशे देऊन ठेवा.

कॉइल आणि क्लच मी वेगळे बघतो, त्याचे पैसे नाहीत. चुलतभावाला सोबत आणा. त्याच्यासमोर उघडतो, पिस्टन त्याच्या हातात देतो. दहा वेळा सांगण्यापेक्षा ते बरं पडतं. मेडिकलमधून एक २० मिलीची सिरिंज घेऊन या, सुई नको. लिटरला दोन सिरिंज भरून. बुचाचा विषय संपला.

जांभा_दगड

ठरलं. शनिवारी लांज्याहून सकाळच्या एसटीने दोघंही येतो. मशीन पोत्यात बांधून आणू का? कंडक्टर घेईल ना?

गॅरेजवाला_चिपळूण

पातं काढून आणा आणि दांडा मधून सुटत असेल तर सोडवा. टाकी आदल्या दिवशी पूर्ण रिकामी करा, झाकण उघडं ठेवून उन्हात वाळवा. पेट्रोलचा वास आला तर कंडक्टर पोत्यासकट खाली उतरवतो, मागच्या महिन्यात एकाला संगमेश्वरला उतरवलं.

आणि ते काढलेलं पेट्रोल बाइकमध्ये घालू नका म्हणून सांगा चुलतभावाला. रॉकेलच्या कॅनमध्ये तर अजिबात नको.

जांभा_दगड

बाइकमध्ये घातलं. आत्ताच फोन आला.